विश्राम न देणारे सर

मुंबईहून आलेल्या त्या मुलीने सरांच्या तोंडासमोर माईक धरला आणि विचारलं, "सर, तुमच्या बँडचा हा जो लुक आहे, चापूनचोपून बसवलेले केस, खोचलेले शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, यामागचा विचार काय? म्हणजे मेटलवाल्यांच्या लांब केसांच्या परंपरेला हा विरोध समजायचा का?"

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "खोबरेल आहे."

ती पुढच्या वाक्याची वाट बघत थांबली. पुढचं वाक्य नव्हतंच. माईकवर पंख्याचा आवाज येत राहिला. मी शेजारीच बसलो होतो आणि मोकळी जागा दिसली की तिथे आपलं डोकं घालायचं ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, "म्हणजे मॅडम, एका परीने बघाल तर शिस्त हीच आजची खरी बंडखोरी..."

"तेवीस!" सर म्हणाले.

लेख छापून आला तेव्हा खोबरेल सरांच्या नावावर आणि बंडखोरी माझ्या नावावर होती. वाचणाऱ्यांनी खोबरेल उचलून धरलं. बंडखोरीबद्दल आजतागायत मला कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही.

तेवीस म्हणजे मी. सुरतेत पालिकेच्या मराठी शाळेत माझा हजेरी क्रमांक तेवीस होता. सर तिथे पीटी शिकवायचे आणि नावं त्यांच्या कधीच लक्षात राहायची नाहीत. नंबर मात्र राहायचे. शाळा सोडून वर्षं लोटली, मी रिंगरोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानी लागलो, लग्न झालं, पोट सुटलं, तरी ते मला तेवीसच म्हणत. माझ्या लग्नात बायकोशी ओळख करून दिली, तर तिला म्हणाले, "तेवीस चांगला मुलगा आहे, फक्त डावं-उजवं कळत नाही." बायको हे वाक्य अजून वापरते.

खरंच कळत नाही. कवायतीत सगळी रांग डावीकडे वळायची आणि मी उजवीकडे वळून मागच्या मुलाच्या नाकाला नाक लावून उभा असायचो. सर तेव्हा रागवायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "पुन्हा." हा त्यांचा आवडता शब्द. दुसरा कुठला त्यांना आवडत असेल असं मला तरी वाटत नाही.

असा हा माणूस एका अल्टरनेटिव्ह मेटल बँडचा गायक होता, हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. आमच्या बँडचं नाव ‘रांग’. तुम्ही ऐकलं असेल. नसेल ऐकलं तरी मनाला लावून घेऊ नका, सुरतेतही बरीच वर्षं आम्हाला कुणी ऐकलं नव्हतं. त्याचं कारण असं की आम्ही तालमी करायचो सुरतेजवळच्या सचिन गावी, औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या गोदामात. उजव्या हाताला लूमचं खातं, डाव्या हाताला लूमचं खातं, समोर डाईंगची मिल. (उजवं-डावं चुकलं असेल तर सांभाळून घ्या.) दोन्हीकडच्या मागांची खटखट एवढी, की जगातला सगळ्यात कर्कश प्रकार आम्ही तिथे जीव तोडून वाजवायचो आणि दारातला चहावाला आत डोकावून विचारायचा, "आज बंद छे के?"

आता सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर सर तुम्हाला विक्षिप्त वाटतील. विक्षिप्त होतेच, पण त्याला कारण होतं, आणि ते कारण कोसाडच्या वसाहतीत खाटेवर बसून सुपारी कातरायचं.

ते म्हणजे आबा, सरांचे वडील. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून तरुणपणी सुरतेला आले आणि जन्मभर लूमवर राबले. मागांनी दोन्ही कान खाल्ले. गावी असताना लग्नाकार्यात डफ वाजवायचे म्हणे, हौसेने. पण सर कळते झाले तोवर आबांना डफ काय, दारावरची थापही ऐकू येईनाशी झाली होती. सरांनी कानाला लावायचं यंत्र आणून दिलं. आबांनी चार दिवस लावलं, मग म्हणाले की कानात मुंग्या चावतात, आणि ते सुपारीच्या डबीत टाकून दिलं. तिथे ते अधूनमधून आपलं आपण शिट्टी मारायचं. आबांना ऐकू यायची नाही, सरांना यायची.

घरात दोघंच. सरांनी लग्न केलेलं नव्हतं. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "रांगेत उभा होतो. नंबर आला नाही." लहानपणापासून बापाशी बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं, अशी सवय. त्यातून तो आवाज झाला. मैदानाच्या पार टोकाला भिंतीवर चढणारं पोर सर नुसत्या "ए!" वर खाली उतरवायचे. शिट्टी गळ्यात असायची, ती बहुतेक शोभेची. परदेशी गायक ज्या गुरगुरण्यासाठी गुरू करतात, ते सरांना "आबा, जेवायला चला" म्हणताना साधलं होतं.

तर एका गणपतीत मिरवणूक वसाहतीवरून चालली होती. मोठमोठे स्पीकर लावलेला ट्रक खिडकीखालून गेला आणि आबा खाटेवर ताठ उठून बसले. त्यांनी पाय जमिनीला लावले.

"काय वाजी ऱ्हायनं रे?" त्यांनी विचारलं.

सर सांगायचे, बारा-पंधरा वर्षांत आबांनी आपण होऊन आवाजाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. ट्रक पुढे गेला. आबांनी पाय वर घेतले. पण सरांच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं. त्यांनी पेटी आणली, तबला आणला, ढोलकीवाला आणला. आबा सगळ्यांकडे बघून पाहुण्याला हसावं तसं हसायचे. शेवटी अकरा नंबरचा मुलगा, उधन्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्याने दुरुस्तीला आलेला एक दांडगा स्पीकर टेम्पोत घालून आणला आणि आपल्या आवडीचं कसलंसं मेटलचं गाणं लावलं. आबांनी तळपाय फरशीवर टेकले. अंगठा हलला.

"आबा, ते इंग्रजी शे," सर ओरडले. आबा नेहमीसारखे त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"इंग्रजी ऱ्हाऊ दे. ठोका चांगला शे."

झालं. पुढच्या रविवारी आम्हाला निरोप, जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या मैदानावर यावं. मला वाटलं स्नेहसंमेलन असेल, जेवण असेल. मी टाय लावून गेलो. तिथे मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि नंतर मोड आलेले मूग दिले. मग सर म्हणाले, "आपण बँड काढतोय. आबांना पोचेल असा."

सात नंबर डाईंग मिलमध्ये होता, त्याचे दंड पाहून त्याला ड्रम दिले. अकराला आधीच गिटार येत होती. उरलो मी.

"सर, मला काहीच वाजवता येत नाही."

"माहीत आहे. कवायतीत तू कुठे असायचास?"

"शेवटच्या रांगेत."

"का?"

"चुकायचो."

"चुकायचास, आणि तरी लांबून बघणाऱ्याला रांग पुरी दिसायची. मला असाच माणूस पाहिजे."

हे कौतुक आहे अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. त्यांनी माझ्या हातात बास गिटार दिली. मी मोजल्या तर ताराच चार. अकराच्या गिटारीला सहा. माझ्या भोळ्या सरांना दुकानदाराने फसवलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी टाय लावून चौटा बाजारच्या त्या दुकानात गेलो आणि उरलेल्या दोन तारांसाठी भरदुपारी गिऱ्हाइकांसमोर भांडलो. दुकानदार बिचारा शेवटी म्हणाला, "भाई, बे तार मारा तरफथी भेट," आणि दोन तारा कागदात गुंडाळून दिल्या. त्या लावायच्या कुठे हे शोधत मी घरी बसलो होतो.

तालमीची सुरुवात हजेरीने. "सात!" "हजर सर." "अकरा!" "हजर सर." "तेवीस!" मग मान वळवून केसांची तपासणी. कानावर केस आला की घरी. तेल नसेल तर सर स्वतःच्या बाटलीतून टाळूवर ओतायचे. मग दम वाढवायला गोदामाला फेऱ्या. आणि मग एकच आरोळी: "सावधान!"

कवायतीत सावधाननंतर विश्राम येतो, हे पहिलीच्या पोराला ठाऊक असतं. सरांच्या तालमीत तो यायचाच नाही. आम्ही टाचा जुळवून, छाती काढून तासन्‌तास मेटल वाजवायचो. लोक म्हणतात आमचं स्टेजवरचं ते ताठ उभं राहणं अंगावर काटा आणतं. आमच्या पाठीला ते काय आणतं हे कुणी विचारत नाही. एकदा मी धीर करून म्हणालो, "सर, विश्राम म्हणायचं राहिलं."

"राहिलं नाही. काम झालं की म्हणीन."

"झालं हे कळणार कसं?"

त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं.

हा बाक म्हणजे आमचं परीक्षा मंडळ. शाळेतून निकाली काढलेला लाकडी बाक सरांनी सचिनला आणला होता. दर रविवारी ते कोसाडहून आबांना स्कूटरवर मागे बसवून, दोघांच्या कमरेभोवती एकच पंचा बांधून, सगळी सुरत ओलांडून आणायचे. आबा चप्पल काढून बाकावर बसायचे, तळवे खालच्या आडव्या पट्टीवर. समोर स्पीकर. गाणं वाजायचं आणि आम्ही सगळे एका म्हाताऱ्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत वाजवायचो. अंगठा हलला तर पास. नाही हलला तर "पुन्हा." आमची कित्येक सुंदर गाणी त्या अंगठ्याने मारली. अकराने एकदा बासरीसारखं काहीतरी नाजूक बसवलं होतं. आबांनी ते चालू असताना डुलकी काढली.

गाणी सर लिहायचे, मराठी आणि अहिराणी मिसळून. दिवसपाळी, रातपाळी, सुट्टीची घंटा, शेवटच्या रांगेतली मुलं. अकरा म्हणायचा, "सर, जरा प्रेमावर लिहा." सर म्हणायचे, "ठोका बसला पाहिजे, प्रेम नंतर बघू."

आम्ही जगाला कळलो तो प्रकार माझ्याच मूर्खपणाने घडला. आमच्या मार्केटातल्या एका शेठची कामरेजच्या बाजूला वाडी आहे. थंडीत ते तिथे पोंक पार्टी देतात. हिरव्या ज्वारीचा गरम पोंक, वर शेव, सोबत पोंकवडे, आणि एखादा गझल गाणारा. त्या वर्षी गझलवाला आयत्या वेळी आजारी पडला आणि मी काउंटरवरून म्हणालो, "शेठ, आमचा ग्रुप आहे."

"केवुं गाय छे?"

"मनापासून," मी म्हणालो.

संध्याकाळी खोबरेल लावलेले चौघंजण स्टेजवर गेले, टाचा जुळवल्या आणि सरांनी पहिली आरोळी दिली. पुढच्या रांगेतल्या एका काकांच्या हातातली शेव सांडली. शेठनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात माझी नोकरी गेलेली मला स्पष्ट दिसली. पण शेठच्या आई, सगळे त्यांना बा म्हणतात, त्या उठल्या. ठेका कसलाही असो, सुरतेच्या बाईला तो टाळीत बसवता येतो. बांनी दोन टाळ्या वाजवून अंदाज घेतला, "अरे, आ तो आपणा जेवुं ज छे," म्हणजे हे तर आपल्यासारखंच, असं म्हणाल्या आणि गोल धरला. बघता बघता सगळी पार्टी गरब्यात. सर एका कडव्यात नरक उभा करत होते आणि खाली पन्नाशीच्या बायका त्याच्यावर तीन टाळी घालत होत्या.

मला वाटलं सर चिडतील. पण गोल वाकडा झाला होता आणि सरांमधला पीटीचा मास्तर ते बघू शकत नव्हता. त्याच गुरगुरत्या आवाजात, ठेका न सोडता, ते गाऊ लागले, "गोल मोठा करा! अंतर ठेवा! बाहेरची रांग, पुढे चला!" आणि बायकांनी केला हो गोल मोठा!

कुणीतरी फोनवर ते टिपलं. आठवड्याभरात ते इतक्या लोकांनी पाहिलं, की माझ्या सासूबाईंनीही पाहिलं आणि फोन करून विचारलं, "तुम्ही त्यात मागे का उभे आहात?" त्या चित्रफितीत बास ऐकूच येत नाही. फोनच्या स्पीकरवर तसाही येत नसतो. मी सगळ्यांना हेच सांगायचो. खरं म्हणजे गरबा बघण्याच्या नादात माझी वायर पायात येऊन निसटली होती. मी पुढचा अख्खा कार्यक्रम मुका वाजवला आणि कुणालाही पत्ता लागला नाही.

मग मुंबईहून कंपनीचा माणूस आला. गॉगल डोक्यावर, बोलणं मधाळ. अल्बम काढू, स्टुडिओ आमचा, सगळं आमचं, फक्त लवकर, कारण लाट आलेली आहे. सर सुट्टी बघून तयार झाले. मुंबईच्या त्या स्टुडिओत भिंतींना गाद्या लावलेल्या. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. सचिनला आमच्या चुका शेजारचे माग गिळून टाकायचे. इथे माझी एकेक चूक काचेपलीकडे ताटात वाढल्यासारखी दिसायला लागली. साउंडवाला भुवया वर करून माझ्याकडे बघायचा.

गाणी झाली, सर बाहेर दम मोजत फेऱ्या मारायला गेले, आणि साउंडवाला म्हणाला, "बास जरा कमी ठेवू का? लोक फोनवर ऐकतात, कळत नाही."

आता इथे शहाणा माणूस काय करेल? मी म्हणालो, "अजून कमी करा साहेब. काढूनच टाकलात तरी चालेल." सगळे हसले. मीही हसलो. साउंडवाल्याने हसत हसत खटका खाली ओढला. सात आणि अकराही म्हणाले की आता कसं स्वच्छ वाटतं. परतीच्या गाडीत मी वडे मागवले. माझ्या चुका जगापासून कायमच्या सुटल्या होत्या.

रविवारी सचिनला तो तयार अल्बम आबांना ऐकवायचा होता. सरांनी त्या दिवशी आबांना धुतलेलं धोतर नेसवलं होतं. बाक पुसला. स्वतःच्या हाताने स्पीकर त्यांच्या पायांकडे सरकवला. गाणं सुरू झालं. आम्ही अंगठ्याकडे बघत होतो. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. आबांनी पट्टीवर पाय दाबून पाहिले, मग खाली वाकून तळहात लावून पाहिला. शेवटी सरांकडे बघून एखाद्याचं पाकीट हरवल्यावर विचारावं तसं विचारलं, "बाणा उना. ताणा कथा गया?"

बाणा आला, ताणा कुठे गेला, असं ते विचारत होते. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. ते आधी ताणून लावायचे, मग आडवे बाणे त्यात विणत जायचे. ताणाच नसेल तर बाणा अडकणार कशाला?

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यायच्या आत माझ्या चेहऱ्यानेच उत्तर दिलं असावं. ते ओरडले नाहीत. स्पीकर बंद केला आणि म्हणाले, "पुन्हा."

"सर, पुन्हा म्हणजे एक गाणं?" अकराने विचारलं.

"सगळी. आणि इथे."

कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा सरांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण फोन कानाला लावून बोलणं त्यांना कधी जमलं नाही. तो माणूस समजावत होता, तारीख ठरली आहे, लोक आज विचारताहेत, उद्या विसरतील. "सर, लाट निघून जाईल!"

"आमच्या डुमसला या एकदा," सर म्हणाले. "लाट रोज जाते. रोज येते. समुद्र तिथेच असतो."

"पण एका म्हाताऱ्या माणसासाठी—"

"त्याच्यासाठीच काढलाय बँड. तुम्ही मध्ये भेटलात."

फोन ठेवला. सातने त्याच आठवड्यात मिलमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं होतं की तो आता प्रसिद्ध होणार. अकराने दुकानाच्या पाटीवर बँडचं नाव घालून घेतलं होतं. माझ्या एका विनोदामुळे सगळं थांबलं होतं, आणि दोघांपैकी एकानेही मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मग माझे हाल सुरू झाले. अकराने जुना संगणक आणि चार माईक गोळा करून गोदामातच रेकॉर्डिंगची सोय केली. सरांनी बाक उचलून थेट माझ्यासमोर ठेवला. आबांचे तळवे आणि माझा स्पीकर यांच्यामध्ये आता वीतभर अंतर. आणि मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस तळपायांनी काय काय ऐकतो. मी एक सूर चुकलो.

"धागा तुटना!" आबा ओरडले. तुटला तो माझाच.

त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्याने ते नेहमी मागांच्या वर बोलायचे. सात दचकून थांबला. "पुन्हा," सर म्हणाले. पुन्हा सुरुवात. पुन्हा तीच जागा. "धागा तुटना!" जन्मभर मी ज्या चुका गर्दीत लपवत आलो, त्यांची आता दवंडी पिटली जात होती. कधीकधी आबाही चुकायचे. बाहेर ट्रक मागे घेताना जमीन हादरली की तेही माझ्याच खात्यावर. "आबा, तो ट्रक होता!" मी ओरडायचो. आबा सरांना विचारायचे, "हाऊ पोऱ्या काय सांगी ऱ्हायना?" सर म्हणायचे, "आपली चूक ट्रकवर ढकलतोय."

मी घरी वाजवलं, दुकानात काउंटरखाली बोटं चालवली, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर वाजवलं आणि पुढच्या बाईकडून ऐकून घेतलं. बायको म्हणाली, "लग्नाआधी एवढी मेहनत केली असतीत तर गॅझेटेड झाला असतात." एका रविवारी बोटांना फोड आले होते, मी सरांना म्हणालो, "सर, दुसरा कुणी बघा. मी शेवटच्या रांगेतला माणूस."

सर तेव्हा आबांचा पंचा सोडत होते. म्हणाले, "आबांना माझा आवाज येत नाही, तेवीस. कधीच आला नाही. सातचा थोडा येतो. अकराचा नाही. पूर्ण येतो तो फक्त तुझा." पंच्याची घडी घालत म्हणाले, "मी गातो ते तुझ्यावर बसून त्यांच्यापर्यंत जातं. तू वाकडा गेलास की मीही वाकडा जातो."

मी विचारलं, "मूग आहेत का?"

एकेक गाणं पास होत गेलं. कंपनीची तारीख गेली, लाट गेली, कामरेजचा गरबा लोक विसरले, माझ्या सासूबाईही विसरल्या. शेवटचं गाणं राहिलं होतं, सगळ्यात लांब. त्या रविवारी शेजारची दोन्ही खाती चालू होती. सरांनी मुद्दाम दारं उघडी ठेवली. म्हणाले, "आबा ह्याच आवाजात जगले. असू दे मागे."

हजेरी. तेल. "सावधान!"

गाणं सुरू झालं आणि असं लागलं, की मला भीती वाटायला लागली. सरांच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. आबांचा अंगठा नाही, दोन्ही पाय हलत होते. शेवटच्या वळणाला आलो आणि आता संपतंय या आनंदात माझं बोट घसरलं.

"धागा तुटना!"

माझे हात थांबायला आले. सरांचं तोंड "पु" म्हणायला उघडलेलं मला दिसलं. तेवढ्यात आबा बाकावरून उभे राहिले आणि हात उंचावून माझ्यावर ओरडले, "गाठ मार! थांबू नको, गाठ मार!"

मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्याच ओळीवर मागे गेलो आणि ती पुन्हा वाजवली. सातला कळलं, तो माझ्यामागे आला, अकरा त्याच्यामागे. सरांनी न ठरलेलं एक आवर्तन पोटातून काढलं आणि आम्ही सगळे त्या गाठीवरून पार झालो. त्या जागेवर पुढे पुष्कळ लिहून आलं. कुठल्याशा परदेशी मासिकाने त्याला अनपेक्षित आणि धाडसी रचना म्हटलं. त्या लेखामुळेच बाहेरचे लोक आम्हाला शोधत आले, मोठ्या महोत्सवांची बोलावणी आली आणि सर त्यांना "शनिवारी सकाळची शाळा असते" असं कळवत बसले. अल्बमचं नाव ‘धागा तुटना’ आहे. ते किती खोल आहे यावरही लोकांनी लिहिलंय.

पण ते पुढे. त्या दिवशी शेवटचा ठोका पडला आणि गोदामात फक्त शेजारच्या मागांची खटखट उरली. आम्ही टाचा जुळवून उभे होतो. आबा पुन्हा बाकावर टेकले, पाय पट्टीवर ठेवून, काही उरलंय का बघत. मग त्यांनी पाय खाली घेतले, चप्पल चाचपली आणि म्हणाले, "ताका उतरना."

कापड पुरं विणून झालं की मागावरून ताका उतरवतात.

सरांनी शिट्टीची दोरी गळ्यात सरळ केली. आमच्याकडे पाहिलं, सात, अकरा, मग माझ्याकडे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अगदी हळू आवाजात म्हणाले, "विश्राम."

माईक चालूच होते. आबांचा आणि सरांचा, ते दोन्ही आवाज अल्बमच्या शेवटी तसेच आहेत. कान देऊन ऐकलंत तर त्यानंतर बूट सरकल्याचाही एक आवाज आहे. विश्रामला डावा पाय बाजूला घ्यायचा असतो. मी उजवा घेतला. सर बघत होते. मग स्कूटरवरचा पंचा घेऊन आबांकडे वळले.